मृताशी संबंध

तेरवीच्या पत्रिकेची माझ्याकडे तयार फाइल असते. नाव, वय, तारीख, ठिकाण बदललं की झालं. वर डाव्या कोपऱ्यात फोटोची चौकट, मधे चार ओळींची कविता (ही मी पंधरा वर्षांत बदललेली नाही आणि कुणी बदला म्हणालेलंही नाही), खाली 'शोकाकुल' म्हणून नावांची रांग. नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपीचं दुकान आहे, नऊ बाय अकराचं. माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या घरचं कुणीतरी येतं. मी चहा सांगतो आणि विचारतो, "स्वर्गीय लिहायचं की कैलासवासी?" हजारदा विचारला असेल हा प्रश्न. गेल्या ऑगस्टमध्ये विचारायला समोर कुणी नव्हतं. पत्रिका माझ्याच मित्राची होती.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. आम्ही त्याला वायरमनच म्हणायचो. नववीत असताना वर्गातला बंद पडलेला पंखा त्याने बेंचवर चढून चालू केला आणि शॉक लागून खाली पडला. पंखा फिरत होता, हा खाली पडून हसत होता. पुढे खरंच लायसन काढून वायरमन झाला, नंदनवनकडे छोटं दुकान टाकलं. नागपुरात वायरमनचा हंगाम मार्च ते जून. कूलरच्या मोटरी, पंप, टपाची गळती. एका दिवसात वीस-वीस घरं करायचा. प्रत्येक घरी आधी अर्थिंग पाहायचा, मग कूलरला हात लावायचा. "मोटर जळली तं नवीन येते, माणूस जळला तं नाई येत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक कंटाळायचं.

५१ वर्षांचा होता. पोळ्याला दोन आठवडे असताना एका रात्री छातीत दुखायला लागलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात नेलं, आणि पहाटे वहिनींचा फोन आला. मी गेलो तेव्हा सगळे माझ्याकडे असं पाहत होते की आता पुढचं भाऊजी पाहतील. त्यांना ठाऊक नव्हतं की आम्ही दोघं गेले चार महिने एकमेकांशी बोलत नव्हतो.

ते आधी सांगून टाकतो. १७ मार्च २०२५ च्या रात्री महालात दंगल झाली आणि संचारबंदी लागली. ती पूर्ण उठायला २३ तारीख उजाडली. माझं शटर तेवढे दिवस खाली. घरात बसून हातात एकच काम, फोन. आमचा शाळेचा अकरा जणांचा ग्रुप रात्रभर पेटलेला असायचा. एकाहून एक व्हिडिओ. मीही एक टाकला. गल्ली, धूर, पळणारी माणसं, खाली मी लिहिलं, "आपल्या मागच्या गल्लीतलं आहे, पाहा." दहा मिनिटांनी वायरमनचं उत्तर आलं, सगळ्यांसमोर: "हा आपल्याकडचा नाई. खांब पाह्य. आपल्याकडं अशी वायरिंग नसते. कुठला जुना उचलून राहिला बे?"

बरोबर होता तो. व्हिडिओ दुसऱ्याच राज्यातला आणि जुना निघाला. पण मी तेव्हा तीन दिवस दुकान बंद ठेवून बसलेला माणूस. मी लिहिलं, "तू खांबच पाहत बस, तुझं काय जाते." आणि पुढे आणखी एक वाक्य लिहिलं, तो नेमका कुणाच्या बाजूचा आहे याबद्दलचं. ते वाक्य इथे परत लिहायची माझी हिंमत नाही. मग इतरांनी त्यात उड्या घेतल्या. त्या आठवड्यात तिघं ग्रुप सोडून गेले. वायरमन गेला नाही, मीही गेलो नाही. फक्त बोलणं थांबलं. याआधी कुणाचं वाजलं की तो म्हणायचा, "एवढा राग आहे तं बडग्या बनव अन् मारबतीत मिरव. ग्रुपवर काऊन टाकून राहिला?" (मारबत ही आमची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक, बडग्या म्हणजे तीत मिरवून जाळायचा पुतळा.) या वेळी त्याने तेवढंही म्हटलं नाही.

जुलैत एक दिवस त्याचा मेसेज आला. माझ्या दुकानाचा इन्व्हर्टर त्यानेच बसवलेला, बॅटरीचं पाणीही तोच पाहायचा. "बॅटरीत पाणी टाकून घे. चार महिने झाले." एवढंच. मी वाचला. निळ्या टिका गेल्या. उत्तर दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही असं म्हणवत नाही, पण विसरलोही नव्हतो.

तर अशा माणसाच्या मागचं सगळं मला पाहायचं होतं.

गंगाबाई घाटावरून आलो. तिसऱ्या दिवशी राख सावडून रामटेकला अंबाळ्यावर अस्थी नेल्या. चौथ्या दिवशी वायरमनचा पुतण्या फोन घेऊन माझ्या दुकानात आला. "काका, पत्रिकेचा मजकूर चॅटजीपीटीकडून करून आणला." आजकाल दहातले चार जण असाच आणतात, त्यामुळे नवल वाटलं नाही. मजकुरात वायरमन आमच्या जीवनातील 'दीपस्तंभ' होता, त्याची 'उणीव शब्दांत व्यक्त करणे अशक्य' होतं, आणि पुढे ती शब्दांत व्यक्त करायला बारा ओळी होत्या. दीपस्तंभ! नागपूरपासून समुद्र कुठे! खरं तर वायरमनला दिव्याचा खांब म्हणणं तसं चुकीचं नाही, या विचाराने मला हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. पोरगं घाबरलं.

मी ९२ साली छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो तेव्हा तेरवीच्या ५०० पत्रिका निघायच्या. मग कॉम्प्युटरवर पेजमेकर आलं, श्रीलिपी आली, कोरल आलं. आता ५० छापतात आणि बाकी सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर जेपीजी जाते. पैसे ५० पत्रिकांचे, मेहनत तेवढीच. वायरमनच्या पत्रिकेत मी ती चार ओळींची कविता काढली आणि जागा कोरी ठेवली. पुतण्याने विचारलं, "इथं काही टाकायचं राहिलं का?" म्हटलं नाही, असंच आहे.

मृत्यूच्या दाखल्यासाठी आधी मी चुकीच्या ठिकाणी गेलो. महापालिकेचे शहरात दहा झोन आहेत. मी वहिनींच्या घराच्या झोनमध्ये जाऊन रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी नाव विचारायच्या आधीच विचारलं, "काका, राहत कुठं होते ते नका सांगू. वारले कुठं?" १९६९ च्या कायद्याप्रमाणे नोंद माणूस जिथे गेला तिथे होते. दवाखान्यात गेला असेल तर कळवायचं काम दवाखान्याचं, २१ दिवसांच्या आत. म्हणजे आयुष्यभर नंदनवनात राहिलेल्या माणसाचा शेवटचा कागद धंतोलीच्या बाजूने निघणार. बाई चांगल्या होत्या, त्यांनी कागदावर दुसऱ्या कार्यालयाचा पत्ता लिहून दिला.

दाखला मिळाला. दहा प्रती घेतल्या, कारण कुठे खरी प्रत लागते आणि कुठे झेरॉक्स चालते ते कुणीच आधी सांगत नाही. बँकेत गेलो आणि पहिल्याच टेबलावर गाडी अडली. दाखल्यावर इंग्रजीत आडनावाच्या शेवटी एक 'ए', पासबुकात दोन. दवाखान्यातला फॉर्म त्या पहाटे मीच भरला होता. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल पेनाने काढणारा माणूस मी. लोकांच्या आजोबांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ मी फोन करून विचारतो. आणि मित्राच्या नावात एक अक्षर खाऊन बसलो. वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊजी, तेही लिहिताना कधी एक लिहीत, कधी दोन." दुरुस्ती होते, त्याच कायद्याच्या १५व्या कलमात सोय आहे. प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, शाळेचा दाखला आणि तीन चकरा. शाळेच्या दाखल्यावर आडनाव मराठीतच होतं, म्हणून ते तेवढं बरोबर होतं.

दुरुस्त दाखला घेऊन परत बँकेत. आता नॉमिनी निघाली त्याची आई. खातं उघडलं तेव्हा लग्न झालं नव्हतं, म्हणून आईचं नाव टाकलं. आई २०११ मध्ये गेली आणि नाव तसंच राहिलं. नॉमिनी हयात असती तरी पैसे तिच्या मालकीचे होत नाहीत, वारसांच्या वतीने ती फक्त ते ताब्यात घेते, ही गोष्ट मला पन्नाशी ओलांडल्यावर कळली. आता वहिनी आणि मुलगी, दोघींनी वारस म्हणून दावा करायचा. मुलगी पुण्याला नोकरी करते, तिची सही, तिची केवायसी, बंधपत्र, साक्षीदार. नंतर, नोव्हेंबर २०२५ पासून, खात्याला चार नॉमिनी लावता येऊ लागले. मी लगेच जाऊन माझ्या खात्याचे लावून आलो. मलाही आईचंच नाव होतं.

साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. फॉर्ममध्ये दोन रकाने होते: मृताला किती वर्षांपासून ओळखता, आणि मृताशी संबंध. पहिल्यात ४१ लिहिलं. दुसऱ्यात 'मित्र' लिहायला घेतलं तर टेबलावरचा मुलगा म्हणाला, "काका, मित्र नका लिहू. परिचित लिहा, तसंच चालते." मी पेन तसाच धरून बसलो. मार्चपासून ऑगस्टपर्यंतचा हिशेब केला तर पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. परिचित लिहिलं.

फोन उघडत नव्हता, हे दुसरं लफडं. बोट लावायला माणूस नाही आणि पिन वहिनींना ठाऊक नाही. गॅसचा ओटीपी, वीजबिलाचा मेसेज, विमा, मुलीच्या कॉलेजपासूनची जुनी कामं, सगळं त्याच नंबरावर. मुलीने तिची जन्मतारीख टाकून पाहिली, लग्नाची तारीख टाकून पाहिली. मग फोनच म्हणाला थांबा. मला एकदम आठवलं की वायरमन लोक बोर्डाच्या आत पेन्सिलने लिहून ठेवतात. आम्ही दुकान उघडलं. शटरला कुलूप लागून तेवीस दिवस झाले होते, आत पीव्हीसी आणि वॉर्निशचा कोंडलेला वास. डीबीचं, म्हणजे मेन बोर्डाच्या डब्याचं, झाकण काढलं. आतून पेन्सिलने त्याच्या तिरक्या अक्षरात: पंखा, पंप, मागची खोली, बोर्ड. आणि सगळ्यांत खाली, कशाचंच नाव नसलेले चार आकडे.

मेन चालू करून मी फोन चार्जिंगला लावतच होतो, तेवढ्यात काउंटरवरचा डबा बोलला. पेमेंटचा डबा, त्याने हौसेने मराठीत लावून घेतलेला. "तीनशे रुपये मिळाले." वहिनींनी माझा हात घट्ट धरला. बाहेर पाहिलं तर शटरच्या बाजूला चिकटवलेल्या क्यूआरसमोर एक म्हातारे गृहस्थ उभे. म्हणाले, "कूलरच्या मोटरचे राहिले होते. दुकान उघडं दिसलं, म्हटलं देऊन टाकतो. आहे का तो?" त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. सांगितलं तर ते बराच वेळ आपल्या फोनकडे पाहत राहिले, जणू पैसे परत घ्यावेत की राहू द्यावेत ते तिथे लिहिलेलं आहे. शेवटी म्हणाले, "त्याचेच होते." त्या दिवशी मी क्यूआरचा कागद खरवडून काढला. अर्धा निघाला, अर्धा चिकटून राहिला. अजून आहे.

चार आकडे चालले.

उघडलेला फोन कुणी आधी पाहायचा? मी वहिनींकडे दिला. त्यांनी माझ्याकडे परत दिला. "तुम्हीच पाहा भाऊजी, मला काही समजत नाही त्यातलं." हे अर्धं खरं होतं. व्हॉट्सअॅप त्या रोज वापरतात. मुलीला फोटो हवे होते, ते आधी काढले. गूगलमध्ये २०१३ पासून अशी सोय आहे की खातं ठरावीक महिने बंद राहिलं तर आपण नेमलेल्या माणसाला कळवायचं आणि हवं तर त्याला फोटो-मेल द्यायचं. किती जणांनी लावली असेल? त्याने नव्हती लावली. मी आता लावली आहे. फेसबुकवर मुलीने दाखला पाठवला, तेव्हा त्याच्या नावाच्या वर 'रिमेम्बरिंग' आलं. कंपनीसुद्धा शेवटी माझंच काम करते. मी नावाआधी 'स्व.' लावतो, ती हे लावते. चहा विचारत नाही एवढंच.

फोटो काढून झाल्यावर मी व्हॉट्सअॅप उघडलं. मला दुकानाची उधारी कुणाकुणाकडे आहे ते पाहायचं होतं, असं मी वहिनींना सांगितलं. माझं नाव खाली बरंच गेलं होतं. 'कंपोझ' म्हणून सेव्ह केलेलं. ९२ पासून मला त्याने दुसरं काही म्हटलं नव्हतं. उघडलं. "बॅटरीत पाणी टाकून घे. चार महिने झाले." माझ्या फोनवर हा मेसेज डावीकडे, पांढऱ्यात. इथे उजवीकडे, हिरव्यात, आणि खाली दोन निळ्या टिका. स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या पट्टीत, खिळे जुळवताना अक्षर उलटं दिसतं, ते उलटंच वाचायची सवय लागते; कागदावर सुलटं उमटलं की क्षणभर तेच चुकीचं वाटतं. तसं झालं. जुलैपासून मी ही ओळ माझ्या बाजूने वाचत होतो. त्याच्या बाजूने तिच्याखाली फक्त रिकामी जागा होती. खोटं कशाला बोलू, आणखी काही टाइप करून ठेवलं असेल, पाठवायचं राहिलं असेल, म्हणून मी तेही पाहिलं. नव्हतं.

तेरवीला ग्रुप सोडून गेलेल्या तिघांपैकी एक आला. माझ्या शेजारी पंगतीत बसला, "भाजी छान झाली" म्हणाला आणि जेवून गेला. दुसरा त्या दिवशी गावाला होता असं कळलं. तिसऱ्याचं मला काही सांगायचं नाही. तेरवीनंतर दोन-तीन दिवसांतच पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत. तीसेक वर्षं आम्ही दोघं इतवारीत एकाच ओट्यावर उभं राहून पाहायचो. "घेऊन जा गे मारबत" म्हणून तो असा ओरडायचा की पुढचे वळून पाहायचे. त्या वर्षीचं जे काही लोकांच्या डोक्यात गेलेलं असतं, त्याचा बडग्या निघतो, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत, आणि मिरवून झाल्यावर जाळतात. यंदा मी गेलो नाही. दुकानात बसून आवाज ऐकला.

दाखला दाखवून सिम वहिनींच्या नावावर करून घेतलं. नंबर तोच ठेवला, कारण अर्धी कामं अजून त्यावर अडकली आहेत. नंबर तोच म्हणून व्हॉट्सअॅपही तेच राहिलं, डीपी तोच, शिडीवर चढलेला. आणि तो नंबर आमच्या ग्रुपमध्ये आहे. पहिल्यांदा तो नंबर 'ऑनलाइन' दिसला तेव्हा दोघांचे मला फोन आले. वहिनी असतील म्हटलं. पण तेव्हापासून एक गंमत झाली आहे. ग्रुपवर भांडणाचं कुणी काही टाकत नाही. निवडणुकीच्या बातम्या येतात-जातात. कुणी एखादा व्हिडिओ टाकतो आणि पाच मिनिटांत स्वतःच काढून टाकतो. वहिनी वाचतील याची भीड की तो खांब पाहील याची, ते कुणी बोलून दाखवत नाही. सोडून गेलेले तिघं मात्र परत आलेले नाहीत.

त्या नंबरचा रिचार्ज मी करतो, दर ८४ दिवसांनी. वहिनी दर वेळी पैसे देतात, मी दर वेळी घेतो. नाही घेतले तर त्या दुसऱ्याकडून करून घेतील.

मागच्या रविवारी लाइट गेली आणि इन्व्हर्टर चार मिनिटांत बसला. बॅटरी मागे, कागदाच्या रिमांच्या आड. रिमा सरकवल्या. बॅटरीवर सहा बुचं, प्रत्येकातून एक बारीक दांडी वर येते. पाणी पुरेसं असेल तर वर, कमी असेल तर खाली. सहाच्या सहा खाली बुडालेल्या. कोपऱ्यावरून डिस्टिल्ड पाण्याचे पाच लिटर आणले. नरसाळं नव्हतं, म्हणून तेरवीच्या पत्रिकेचा जाड कागद गुंडाळून नरसाळं केलं, तो दोन बुचांत भिजून मऊ झाला. मग थेट बाटलीनेच टाकलं, थोडं सांडलं. दांड्या एकेक करून वर आल्या.

हात पुसून फोन घेतला आणि त्या मेसेजखाली लिहिलं, "टाकलं."

दोन मिनिटांनी उत्तर आलं, "काय टाकलं भाऊजी?"

मी लिहिलं, "बॅटरीत पाणी."